शेजाराची राखण : भिवंडीचा अनुभव आणि मावळातील गावे

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनीला वळण घेतले आणि साखर गाव मागे टाकले की राजगडाचा विस्तार डोळ्यांत भरू लागतो. रस्ता गुंजवण्यात पोहोचतो. चोरदरवाज्याच्या वाटेने गड चढणारी मंडळी येथूनच चढाईला प्रारंभ करतात. शिवकाळात हा सारा टापू गुंजण मावळ या नावाने ओळखला जाई. भोर आणि वेल्हे या भागांतील कर्त्या पुरुषांना पुण्यामुंबईच्या कामधंद्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची आहे. त्यामुळे गावात मागे राहतात त्यांत वृद्ध, स्त्रिया आणि मुले यांची संख्या मोठी. उलट दिशेने शनिवार-रविवारी शहरातून माणसे येतात. कोणी गड पाहावयास, कोणी जमीन पाहावयास. रात्री दोन वाजता गावातून जाणारी मोटार पाहुण्याची, गडावर निघालेल्या विद्यार्थ्यांची की आणखी कोणाची, हे ओळखणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

गावाची राखण हा प्रश्न अशा वेळी नव्याने उभा राहतो. हाच प्रश्न महाराष्ट्रातील एका गजबजलेल्या शहराने पूर्वी एकदा सोडविला होता. त्या शहराचे नाव भिवंडी. मावळातील लहान गावाने यंत्रमागांच्या शहराकडून काय शिकावे, असे प्रथमदर्शनी वाटेल; परंतु अनोळखी माणसांच्या सान्निध्यात राहण्याची पाळी आता दोघांवरही आलेली आहे.

राखणीची जुनी घडी

शिवछत्रपतींच्या किल्ल्यांचा बंदोबस्त हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला विषय आहे. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत आणि ते वेगवेगळ्या जातींचे नेमले जात. एकाच्या मनात आले म्हणून किल्ला शत्रूच्या हवाली होऊ नये, हा त्यातील हेतू. गडाच्या उतरणीवर मेटे असत व पायथ्याच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग, बेरड इत्यादी समाजांतील लोकांकडे पहाऱ्याचे काम सोपविलेले असे. राखणदारी भिन्न भिन्न समाजांत वाटून दिलेली होती, ही या व्यवस्थेतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय. पुढे भिवंडीच्या संदर्भात तिची पुन्हा आठवण होईल.

गावपातळीवर पाटील, वेशीवर वेसकर आणि रात्रीच्या गस्तीला जागल्या अशी रचना होती. तिचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकता येणार नाही. राखणीचे ओझे ज्यांच्या डोक्यावर होते त्यांना गावात मान मात्र मिळत नव्हता. इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली प्रथम अस्तित्वात आला आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अनेक जमातींवर त्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो रद्द झाला. एके काळी गडाचा घेरा राखणारा रामोशी समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, ही एकच नोंद पुष्कळ काही सांगून जाते.

वतनदार पाटीलकी १९६० नंतरच्या दशकात कायद्याने संपुष्टात आली. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमला जाणारा पोलीस पाटील हा आता गाव आणि पोलीस ठाणे यांमधील दुवा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ग्राम रक्षक दले उभारण्याचीही तरतूद आहे. (दारूबंदीविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन अवैध मद्याविरुद्ध जी ग्रामरक्षक दले अस्तित्वात आली, ती वेगळी, नामसाधर्म्यामुळे ग्रामसभांत पुष्कळदा घोटाळा होतो.) तेव्हा कायद्याची उणीव नाही. दल स्थापन होते, शिट्ट्या आणि काठ्या वाटल्या जातात, छायाचित्र निघते आणि दोन महिन्यांनी दल कोठे आहे ते कोणालाच सांगता येत नाही, हा अनुभव मात्र सार्वत्रिक आहे. असे का होते, याचे उत्तर भिवंडीत सापडते.

भिवंडी : दोन दंगली आणि एक प्रयोग

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. येथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, आगरी व इतर स्थानिक समाज, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली अशी अनेक प्रकारची माणसे दाटीने राहतात. माग दिवसरात्र चालतात. एका पाळीचे कामगार कामावर गेले की त्याच खोलीत दुसऱ्या पाळीचे कामगार निजावयास येतात. अशा ठिकाणी शेजारी रोज बदलतो, ओळख व्हावयास सवड मिळत नाही आणि अफवा मात्र एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत वाऱ्यासारखी पोहोचते.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. तिचे पडसाद जळगाव व महाड येथेही उमटले. या तिन्ही ठिकाणच्या घटनांची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. त्यानंतर मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि त्या वेळची आग ठाणे व मुंबईपर्यंत गेली. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही दंगलींनंतर भिवंडी हे नाव देशभर एकाच अर्थाने घेतले जाऊ लागले.

१९८८ साली श्री. सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले. शांतता समित्या त्यापूर्वीही होत्या. सणावाराच्या तोंडावर त्यांची बैठक भरे. शहरातील प्रतिष्ठित, पुढारी आणि व्यापारी एकत्र जमत, ऐक्यावर भाषणे होत, चहापान होऊन सभा संपे. ज्या गल्लीत दगड पडण्याचा संभव, त्या गल्लीतील माणूस मात्र त्या सभेत नसे. श्री. खोपडे यांनी ही रीत उलटी केली. शहरासाठी एक समिती नेमण्याऐवजी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या स्थापन करण्यात आल्या आणि त्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान सदस्य जवळपास सारख्या प्रमाणात घेतले गेले. सदस्य म्हणून पुढाऱ्यांपेक्षा मोहल्ल्यात रोज वावरणाऱ्या सामान्य रहिवाशांना पसंती देण्यात आली. समितीशी त्या त्या भागातील पोलीस कर्मचारी जोडून देण्यात आला.

येथे प्रशासनात काम करणाऱ्या वाचकांनी थोडे थांबावे. या प्रयोगातील सर्वांत मोठा बदल समितीपेक्षा पोलीस शिपायाच्या स्थानात झाला, असे मला वाटते. पोलीस दलाच्या उतरंडीत शिपाई शेवटच्या पायरीवर असतो. त्याने हुकूम ऐकावा, बंदोबस्ताला उभे राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. मोहल्ला समितीमुळे तो एका विशिष्ट वस्तीला उत्तरदायी झाला. लोक त्याला नावाने ओळखू लागले आणि तोही लोकांना नावाने ओळखू लागला. खाकी कपड्यांतील माणूस धाड घालण्यासाठीच गल्लीत येतो, ही समजूत ढिली पडली. एरवी ठाण्याची पायरी चढावयास कचरणारी माणसे समितीच्या बैठकीत मोकळेपणाने बोलू शकत होती.

दुसरी गोष्ट बैठकांच्या विषयांची. धार्मिक सलोखा हा विषय घेऊन बैठक बोलावली तर माणसे एकमेकांकडे सलोख्याने पाहण्याऐवजी आपापल्या धर्माचे प्रतिनिधी म्हणून पाहू लागतात. उलट तुंबलेले गटार, नळावरील भांडण, गल्लीत आडवी लावलेली हातगाडी, रात्रीचा गोंगाट, मुलांची हाणामारी हे विषय निघाले की हिंदू व मुसलमान अशी विभागणी टिकत नाही. गटाराचा त्रास दोघांनाही सारखाच. दंगलीची ठिणगी पुष्कळदा असल्याच किरकोळ तंट्यातून पडत असते. तो तंटा पहिल्याच दिवशी, ओळखीच्या माणसांसमोर मिटला तर त्याला धर्माचे नाव चिकटण्यास अवसर राहत नाही.

तिसरी गोष्ट नियमिततेची. काही घडले म्हणून बैठक घ्यावयाची नाही, तर काही घडलेले नसतानाही घ्यावयाची. हे सांगावयास सोपे आणि पाळावयास अत्यंत कठीण आहे. काहीच घडले नाही अशा महिन्याचे इतिवृत्त लिहिताना लेखणी रेंगाळते आणि वरिष्ठांनाही त्या कागदात विशेष काही दिसत नाही. पण खरा उपयोग त्याच महिन्यांचा.

प्रयोगाची कसोटी लवकरच लागली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली. त्यानंतर डिसेंबरात व पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत नऊशे माणसे प्राणास मुकली. मुंबईच्या जवळच असलेली भिवंडी, जिच्याविषयी सर्वांना सर्वाधिक चिंता वाटत होती, ती शांत राहिली. मुंबई जळाली आणि भिवंडी का जळाली नाही, हा प्रश्न पुढे श्री. खोपडे यांनी आपल्या पुस्तकाचा विषय केला. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही हिंदू-मुस्लिम संघर्षावरील आपल्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. दोन समाजांची माणसे रोजच्या कामकाजात, संस्थांत व संघटनांत एकत्र येत असतील तर दंगलीला पायबंद बसतो, हे त्यांचे प्रतिपादन. आणि असे संबंध नसलेल्या ठिकाणी ते पुढाकाराने निर्माण करता येतात, याचे उदाहरण म्हणजे भिवंडी.

दंगलीनंतर मुंबईनेही ही वाट धरली. तत्कालीन पोलीस आयुक्त श्री. सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त श्री. ज्युलिओ रिबेरो, श्री. एफ. टी. खोराकीवाला, श्रीमती सुशोभा बर्वे इत्यादींच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतील तरुण यांचे क्रिकेटचे सामने हा त्या चळवळीचा एक आवडता उपक्रम ठरला. काहींना हा पोरखेळ वाटला. परंतु ज्या शिपायाच्या चेंडूवर आपण बाद झालो त्याच्यावर दगड उचलताना तरुणाचा हात थोडा तरी अडखळतो, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे.

हे सर्व सांगताना ५ जुलै २००६ ही तारीख वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या दिवशी याच भिवंडीत, कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला आणि जमावाच्या हातून दोन पोलीस शिपाई मारले गेले. बारातेरा वर्षांपूर्वीचे ते शहर हेच काय, असा प्रश्न अनेकांना पडला. मोहल्ला समित्यांचे पूर्वीचे सातत्य तोपर्यंत राहिले नव्हते, हे त्याचे एक कारण म्हणून दाखविले जाते. शेजाराची घडी ही विहिरीसारखी आहे. एकदा बांधली म्हणून गाळ काढावयाचा चुकत नाही.

पहारा आणि अफवा

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण ग्रामपंचायतींच्या दृष्टीने तीच अधिक निकडीची आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईल फोनवरील संदेशांतून आधीच पसरलेली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. जमावाने त्यांना घेरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथेच मरेपर्यंत मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून पोटासाठी आलेले होते.

१६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे तसेच घडले. टाळेबंदीचा काळ होता. चोर आणि मुले पळविणारे फिरत आहेत अशा अफवांमुळे त्या भागातील गावकरी रात्रीचा पहारा देत होते. मोटारीने चाललेले दोन साधू आणि त्यांचा चालक त्या रात्री जमावाच्या हातून, पोलीस उपस्थित असताना, मारले गेले.

या दोन्ही प्रसंगांत गाव संघटित नव्हते असे म्हणता येत नाही. माणसे जागी होती, एका हाकेसरशी जमली. सुरक्षिततेची चिंताही खरी होती. मग उणीव कशाची होती? बातमीची शहानिशा करील असा ओळखीचा, विश्वासाचा दुवा तेथे नव्हता. जमावाला आवर घालण्याचा अधिकार ज्याचा शब्द मानला जाईल अशा कोणाकडेही नव्हता. म्हणजेच काठी होती, समिती नव्हती. भिवंडीत नेमके याच्या उलट झाले होते. तेथे कोणाच्याही हाती काठी देण्यात आली नव्हती. ग्रामसुरक्षेचा विचार करताना आपली पंचायत पहिल्या ठरावात शिट्टी व काठीच्या खरेदीला मंजुरी देते की बैठकीचा दिवस निश्चित करते, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून राहते.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४० नुसार आपल्या समक्ष अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्या व्यक्तीस, किंवा उद्घोषित अपराध्यास, कोणीही नागरिक पकडू शकतो. परंतु त्यास विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे. संशय येणे आणि समक्ष गुन्हा घडणे यांतील अंतर गस्तीवर जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला आधी समजावून सांगितले पाहिजे. शाळेतील शिक्षक हे काम सर्वांत चांगले करू शकतील.

नव्या साधनांविषयीही दोन शब्द. ग्रामसुरक्षा यंत्रणा या नावाने ओळखली जाणारी दूरध्वनी सेवा पुणे ग्रामीण, नाशिक इत्यादी जिल्ह्यांत पोलिसांच्या पुढाकाराने स्वीकारण्यात आली. संकटातील गावकऱ्याने एका ठरावीक क्रमांकावर दिलेला निरोप त्याच्याच आवाजात गावातील सर्व नोंदणीकृत मोबाईल फोनवर तत्काळ पोहोचतो. बिबट्या, वणवा, पूर, चोरी अशा प्रसंगी ही सोय मोलाची आहे. निरोप कोणी दिला याची नोंद राहते, हा तिचा व्हॉट्सॲपवरील पुढे ढकललेल्या संदेशापेक्षा महत्त्वाचा विशेष. मात्र आवाज वेगाने पोहोचला म्हणून तो खराच असतो असे नाही. निरोप मिळाल्यावर कोणी कोठे जावयाचे, प्रथम कोणाला विचारावयाचे, ११२ क्रमांकावर कोणी कळवावयाचे, हे आधी ठरलेले नसेल तर वेगाने जमलेली गर्दीच हाती येईल.

मावळातील गावासाठी

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात सुरू झाली. तिच्यामुळे गावोगावी तंटे सामोपचाराने मिटविण्याच्या समित्या स्थापन झाल्या आणि अनेक गावांनी पुरस्कारही मिळविले. पुरस्कार मिळाल्यानंतर काही ठिकाणी समितीचे काम फलकावरच उरले. ती मोडीत काढून नवी समिती नेमण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. असलेल्या समितीतच भिवंडीच्या धर्तीवर थोडा फेरफार करता येईल.

गुंजवण्यासारख्या गावाचेच उदाहरण घेऊ. तेथे शेजार म्हणजे केवळ गावठाण नव्हे. वाड्यावस्त्या, धनगर आणि कातकरी कुटुंबे, जमिनी घेऊन घरे बांधलेले शहरवासी, पुण्यामुंबईस असलेले गावकरी आणि गडावर येणारे पर्यटक हे सर्वच या ना त्या प्रमाणात त्या शेजाराचे घटक होत. समितीत यांपैकी पहिल्या तीन गटांचा प्रत्येकी एक तरी माणूस असला पाहिजे, आणि स्त्रियांची संख्या नाममात्र नसावी. दिवसा गावात असतात त्या स्त्रियाच. कोण आले व कोण गेले हे त्यांनाच आधी कळते. शहरातून येऊन राहिलेल्या बंगलेवाल्याला समितीत घेण्यास काही ठिकाणी विरोध होईल. तो विरोध पत्करूनही त्याला घ्यावे. कुंपणाआडचा माणूस एकदा बैठकीत येऊन गटाराविषयी बोलला की त्याचा रखवालदारही गावाच्या ओळखीचा होतो.

गडाच्या पायथ्याशी ज्यांची चहाची टपरी, जेवणाची सोय किंवा मोटारी उभ्या करण्याची जागा आहे, त्यांच्याकडे पर्यटकांची खरी माहिती असते. कोणती तुकडी रात्री वर गेली, किती जण होते, किती उतरले हे त्यांच्या सहज ध्यानात राहते. वाट चुकलेल्या किंवा जखमी झालेल्या तरुणांसाठी मध्यरात्री कंदील घेऊन निघण्याची पाळी पायथ्याच्या गावांवरच येते. तेव्हा वर जाणाऱ्यांची नोंदवही ठेवणे हे पाळत ठेवण्यापेक्षा आतिथ्याचेच काम समजावे.

बीट अंमलदाराने महिन्यातून एकदा बैठकीस यावे, अशी विनंती ग्रामसभेच्या ठरावाने ठाण्यास करता येते. मनुष्यबळ अपुरे असते हे खरे. पण महिन्यातील एक तास पुढच्या अनेक रात्रींचा बंदोबस्त वाचवितो, हे ठाणे अंमलदारांना पटवून देणे अवघड जाऊ नये. अंमलदाराची बदली झाली तर नव्या अंमलदाराची ओळख करून देण्याची बैठक पोलीस पाटलाने पंधरा दिवसांत बोलवावी. बैठकीच्या वहीत तंटा, त्यावर ठरलेला तोडगा आणि तो पाळला गेला किंवा नाही, अशा तीन रकान्यांपेक्षा अधिक काही नको. जातीचा किंवा धर्माचा रकाना तर मुळीच नको.

राहता राहिला भटक्या समाजांचा प्रश्न. डवरी गोसावी, नंदीवाले, वैदू यांचे फिरणे बहुधा ठरावीक हंगामात होते. गावाबाहेर पाल पडले की पोलीस पाटील आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी मिळून तेथे जावे, माणसांची नावे आणि मूळ गाव विचारून घ्यावे, पिण्याच्या पाण्याची जागा दाखवावी आणि बरोबरच्या मुलांना त्या काळापुरते शाळेत बसवून घ्यावे. त्यानंतर गावातील मोबाईल फोनवर एक निरोप जावा : अमुक गावची अमुक मंडळी आली आहेत, पाटलांची भेट झाली आहे. ही पाले पडावयाची ती सुगी आटोपल्यावर. त्यामुळे समितीची पहिली बैठक नवरात्राच्या सुमारास घेतली तर तयारीला महिनाभराचा अवधी मिळतो.